हमी देणारा तू कोण?

उभा राहा. बाकीच्यांनीही कान देऊन ऐका. आज याचा नंबर लागलाय, उद्या तुमचा लागेल.

तुझ्या नव्या क्लिनिकचं हँडबिल माझ्या टेबलावर आलंय. गुळगुळीत कागद, चार रंग, आणि मधोमध ठळक अक्षरांत: 'ताण, चिंता, पॅनिक! दहा सिटिंगमध्ये कायमची सुटका. गोळ्यांना रामराम.' छपाई सुरेख आहे. मजकुरात पत्त्याशिवाय काही खरं नाही.

फोटोपासूनच सुरू करू. 'भारतात ॲक्युपंक्चर आणणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.' अरे, कोटणीस सोलापूरचे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32व्या वर्षी, तिथेच वारले. जो माणूस परतलाच नाही, त्याने इथे आणलं काय आणि कधी? त्याच पथकातले डॉ. बसू 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली. ज्यांनी आणली त्यांचं नाव तुला ठाऊक नाही, आणि जे परक्या देशात राबून गेले त्यांच्या फोटोवर तू गिऱ्हाईक गोळा करतोस. थोडी लाज वाटू दे.

पुढची ओळ: 'जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित.' उचलली जीभ लावली टाळ्याला! संघटनेने एका पुस्तकात 361 ॲक्युपंक्चर बिंदूंच्या जागा नक्की करून दिल्या, म्हणजे पुण्यातल्या आणि बीजिंगमधल्या माणसाने एकाच नावाने एकाच जागी सुई लावावी. एखाद्या बिंदूने अमुक आजार बरा होतो, असा शिक्का त्यात कुठेही नाही. तू ते पुस्तक उघडलंस कधी?

आता 'कायमची सुटका'. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2007 मध्ये निकाल छापून आला. खऱ्या बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना फरक पडला. भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी 44.2 टक्के लोकांना. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 27.4 टक्के लोकांना. हे आकडे तुला झोंबायला हवेत. सुई लावली की माणसाला बरं वाटतं, हे त्यातून दिसतं. तुझ्या बिंदूमुळेच वाटतं, हे दिसत नाही. आणि ही झाली कंबर. नैराश्यावरच्या 64 अभ्यासांचा, 7104 लोकांचा आढावा 2018 मध्ये निघाला, तरी पुराव्याचा दर्जा कमीच ठरला. चिंतेवरचे अभ्यास बहुतेक लहान आणि कच्चे. ऑपरेशनपूर्वीची धडधड थोड्या वेळापुरती कमी होते, असं काहींत दिसलंय. थोड्या वेळापुरती. तू त्याचं 'कायमची' केलंस.

'पण मॅडम, पेशंटला बरं वाटतं,' असं पुटपुटू नकोस, मोठ्याने बोल. वाटतं ना! मनगटाच्या वळीवर हार्ट 7 हा बिंदू, वळीपासून दोन त्सुन, म्हणजे अंगठ्याच्या दोन रुंदी, वर पेरिकार्डियम 6, दोन भुवयांच्या मध्ये एक सुई. वीस-तीस मिनिटं माणूस निवांत पडून राहतो, फोन बंद असतो, झोप लागते का असं कुणीतरी आपुलकीने विचारतं. हे मोलाचं आहे, म्हणून तर मी हा विषय शिकवते. जेवढं मोल आहे तेवढंच सांग.

आणि ते 'गोळ्यांना रामराम' लिहिण्याचा अधिकार तुला कुणी दिला? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. तिथली नोंदणी सुया लावण्यासाठी असते, दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन खोडण्यासाठी नसते. चिंतेच्या बऱ्याच गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, अंगात झटके बसल्यासारखं होतं, धडधड परतते. पेशंटला वाटतं आजार उलटला, तुला वाटतं सिटिंग कमी पडल्या. मग तू आणखी दहाचं पॅकेज विकतोस.

छातीत धडधडतं, हात थरथरतात, वजन उतरलंय, असं सांगणाऱ्या बाईला थायरॉइडची तपासणी झाली का, हे विचारलंस? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? खांदे आखडलेत म्हणून गॉलब्लॅडर 21 या खांद्यावरच्या बिंदूला सुई लावतोस, तिच्याखाली फुप्फुसाचं टोक असतं. बारीक अंगाच्या माणसात सुई खोल गेली तर छातीत हवा भरते. हे तुला परीक्षेत आलं होतं, टेबलाशी उभं राहिल्यावर कुठे गेलं?

ज्याला आधीच रात्रभर झोप नाही, तो हमीवर सगळ्यात आधी विश्वास ठेवतो. दहावी सिटिंग संपून धडधड तशीच राहिली की तो तुला दोष देत नाही. 'मीच बरा होण्यासारखा नाही' असं म्हणतो. हे पाप हँडबिलाच्या खर्चात धरलं होतंस का?

ही हँडबिलं आजच रद्दीत जातील. नव्या कागदावर एवढंच छापायचं: 'ताण हलका वाटायला मदत होऊ शकते. चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.' भिंतीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोठ्या अक्षरांत लाव. जगणं नको वाटतं का, हा प्रश्न प्रत्येक चिंताग्रस्त पेशंटला स्पष्ट विचारायचा, आणि उत्तर 'हो' आलं तर सुईला हात न लावता त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचं.

आणि ज्यांच्या गोळ्या तुझ्या सांगण्यावरून बंद झाल्या, त्यांना आत्ता, बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लाव. चूक माझी होती असं सांग, आणि त्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दे. एक जरी फोन राहिला, तरी माझ्या प्रॅक्टिकलला यायचं नाही.