‘बहुधा’ या शब्दाचे मोल

विज्ञान हा शब्द आपण एकवचनी वापरतो. परंतु त्या घरात इतक्या खोल्या आहेत, की तेथे आयुष्य घालवलेल्या माणसालाही शेजारच्या खोलीत काय चालले आहे याची वार्ता नसते. कोणी जन्मभर केवळ परागकण पाहतो. तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या थरांतून ते वेचायचे आणि काही हजार वर्षांपूर्वी त्या काठावर रान होते की गवत, हे सांगायचे. कोणी सागाच्या ओंडक्यावरची वलये मोजतो. उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांत वर्षाचे वलय स्पष्ट उमटत नाही. सागात ते उमटते. म्हणूनच पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांना सागाच्या खोडावरून जुन्या पावसाचा माग काढता आला. आणि कोणी शेकडो वर्षांपूर्वीच्या हाडाची चिमूटभर भुकटी घेऊन त्यात डीएनएचे तुकडे शोधतो.

अशा माणसांशी बोलणे हा मोठा आनंद असतो, पण त्यात एक अडचण हटकून येते. आपण एक प्रश्न विचारतो आणि ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. ‘दुष्काळ कोणत्या साली पडला?’ असे आपण विचारावे, तर वलये मोजणारा म्हणतो, ‘त्या वर्षी या झाडाची वाढ कमी झाली.’ आपल्याला वाटते, हा उत्तर टाळतो आहे. वस्तुतः तो आपल्या प्रश्नातला जेवढा भाग झाडाला ठाऊक आहे तेवढाच आपल्या हाती देत असतो. झाडाला कीड लागली असेल, शेजारच्या झाडाने ऊन अडवले असेल. एका झाडावरून त्याला दुष्काळ म्हणवत नाही.

या अडचणीला एक नैतिक बाजू आहे. ज्ञानी माणसाने ‘बहुधा’ म्हणावे आणि ऐकणाऱ्याने ‘होय’ असे ऐकून पुढे सांगावे, यात असत्य कोणाचे? ही साधी बेफिकिरी, की आठवी आज्ञा जिच्याविषयी आपल्याला बजावते ती खोटी साक्ष? या प्रश्नाचे एक उदाहरण गोव्यातच घडलेले आहे.

पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केटेवान इराणचा शहा अब्बास याच्या कैदेत शिराझ येथे सुमारे दहा वर्षे होती. धर्म सोडण्यास तिने नकार दिला, आणि १६२४ च्या सप्टेंबरमध्ये तिला हालहाल करून मारण्यात आले. त्या वेळी शिराझमध्ये पोर्तुगीज ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची, हे कॅथलिक. त्या शतकात दोन्ही पंथांतले संबंध काही गोडीचे नव्हते. तरीही या धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळवले. काही भाग तिच्या मुलाकडे जॉर्जियात पोहोचवला आणि काही १६२७ साली गोव्यात, जुन्या गोव्याच्या टेकडीवरील आपल्या मठात आणला. लिस्बनमधील त्यांच्या मठाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांत या राणीचा मृत्यू चितारलेला आहे. परक्या पंथाच्या रक्तसाक्षीला त्यांनी आपली मानले, ही गोष्ट आपल्या वाचकांत जितकी माहीत असावी तितकी नाही.

पुढे काय झाले ते जुन्या गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना घालवून दिले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. उरलेला लाल जांभ्याचा अर्धा मनोरा आजही उभा आहे. राणीचे अवशेष मठाच्या सभागृहातील दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवले आहेत, अशी नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. पण जेथे भिंतच नाही तेथे दुसरी खिडकी कशी मोजायची? गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाहून शिष्टमंडळे शोधासाठी येत होती. अखेर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने, मुख्यतः निझामुद्दीन ताहेर यांच्या मेहनतीने, ढिगाऱ्याखालच्या मठाचा नकाशा जुळवला. २००४ मध्ये त्या जागी हाताचे एक लांब हाड मिळाले. त्याखेरीज आणखी दोन हाडे मिळाली.

हाडे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात गेली. तेथे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले ते समजण्यासाठी मी याच विद्याशाखेतील एका अभ्यासकाला गाठले होते. गोव्याच्या या तपासणीशी त्यांचा संबंध नव्हता. मी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हाडावरून माणूस ओळखता येतो का?’ ते म्हणाले, ‘आईची आई, तिची आई, या रांगेतली ओळ ओळखता येते.’ मग त्यांनी सावकाश समजावले. मेल्यानंतर डीएनएचे तुकडे पडू लागतात, आणि उष्णता व ओल या तुकड्यांचे शत्रू आहेत. गोव्यात दोन्ही भरपूर. पेशीच्या केंद्रकातील डीएनएची पेशीत अवघी दोनच प्रतिरूपे असतात. पण मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म घटकांतील डीएनएची शेकडो, हजारो असतात, म्हणून त्यातले काही वाचण्याची आशा अधिक. हा डीएनए केवळ आईकडून मुलांना मिळतो. राणीचा जो, तोच तिच्या बहिणीचा, मावशीचा आणि मावशीच्या मुलीच्या मुलीचा. म्हणजे हे हाड कोणत्या मातृवंशातले, एवढेच तो सांगू शकतो. नाव सांगू शकत नाही. शिवाय हाताळणाऱ्याच्या घामाचा, श्वासाचा एक कण पुरे; मग आपण चारशे वर्षांपूर्वीची राणी म्हणून प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यालाच वाचत बसू. मी हसलो, ते हसले नाहीत.

हैदराबादच्या शास्त्रज्ञांना त्या लांब हाडात ‘यू१बी’ नावाचा मातृवंश आढळला. भारतीय उपखंडातील २२,००० हून अधिक लोकांच्या माहितीत तो कोठेच नव्हता. जॉर्जियातील ३० जणांच्या नमुन्यांपैकी २ जणांत होता. हा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शीर्षकातच ‘बहुधा’ या अर्थाचा शब्द होता. हाड मिळाले ती जागा, जुन्या कागदांतील नोंद आणि हा मातृवंश, ही तीन साक्षी एकमेकींशी जुळतात. म्हणून बहुधा हे राणीचे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र हा शब्द फारसा टिकला नाही. तेथे डीएनएने ‘सिद्ध’ केले होते.

कोणी म्हणेल, एवढ्या एका शब्दासाठी इतका खल कशाला? शास्त्रज्ञाचे ‘बहुधा’ हे पुष्कळदा अंग चोरणेच असते. चुकलो तर मान अडकू नये म्हणून ठेवलेली पळवाट. या आक्षेपात तथ्य आहे. आपण सर्वांनी असे तज्ज्ञ पाहिले आहेत, जे कशावरच बोट ठेवू देत नाहीत. आजारी मुलाच्या आईला ‘काही सांगता येत नाही’ एवढेच ऐकवून जो डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतो, त्याच्या सावधपणाला मी सत्यनिष्ठा म्हणणार नाही. पण पळवाटेचे ‘बहुधा’ आणि साक्षीदाराचे ‘बहुधा’ यांतला भेद ओळखणे कठीण नाही. पळवाट काढणारा आपल्या शंकेचे कारण सांगत नाही. साक्षीदार सांगतो: किती नमुने पाहिले, कोठले पाहिले, आणि कोणती गोष्ट उद्या सापडली तर माझे मत बदलेल. त्याची शंका मोजलेली असते. तिचा उपयोग ऐकणाऱ्याला करता येतो.

शिवाय ख्रिस्तसभेला हा विचार परका नाही. आपल्या नीतिशास्त्रात ‘नैतिक निश्चिती’ अशी एक जुनी संज्ञा आहे. गणितातल्यासारखी पूर्ण निश्चिती नव्हे आणि नुसता अंदाजही नव्हे. समंजस माणसाने मनात रास्त शंका न ठेवता निर्णय घ्यावा एवढी खात्री. धर्मसभेच्या न्यायालयातील न्यायाधीशाला निकाल देण्यापूर्वी ती लागते. म्हणजे माणसांच्या व्यवहारात याहून अधिक मिळत नाही, हे आपल्या पूर्वसूरींनी केव्हाच मान्य करून ठेवले आहे. हे अवशेष २०१७ मध्ये काही काळासाठी जॉर्जियाला नेण्यात आले. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांचा एक भाग तिबिलिसीला जाऊन कायमचा सुपूर्द केला. तेथे श्रद्धावंतांनी त्याला वंदन केले. मला यात काहीच गैर दिसत नाही. त्यांचे वंदन राणीच्या निष्ठेला होते, आणि ती निष्ठा हाडाच्या भुकटीवर अवलंबून नव्हती. गैर एवढेच, की त्यांच्या वंदनाला आधार म्हणून आपण प्रयोगशाळेच्या तोंडी तिने न उच्चारलेला शब्द घालावा.

हा मोह एकाच दिशेने होत नाही. १९८८ मध्ये तुरिनच्या कफनाचे कापड ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी किरणोत्सर्गी कार्बनने तपासले. कापडाचा काळ १२६० ते १३९० च्या दरम्यानचा निघाला. तुरिनचे आर्चबिशप कार्डिनल बालेस्ट्रेरो यांनी स्वतः तो निष्कर्ष जाहीर केला. तेव्हापासून आजपर्यंत त्या चाचणीत उणिवा शोधण्याचे काम अखंड चालू आहे. शोधावे, शास्त्रात ते रास्तच आहे. पण गोव्याच्या ‘बहुधा’चे ‘होय’ करणारी आणि तुरिनच्या निष्कर्षातली प्रत्येक फट बारकाईने तपासणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. एका तराजूने आपल्याला हवे ते तोलायचे आणि दुसऱ्याने नको ते, हे बाजारात केले तर आपण त्याला कोणते नाव देतो?

विचारण्याची रीत कशी असावी हे पाहायचे तर संत आल्बर्ट महान याच्याकडे जावे. पोप बारावे पायस यांनी १९४१ मध्ये त्याला निसर्गशास्त्रज्ञांचा आश्रयदाता ठरवले. तेराव्या शतकातला हा मोठा पंडित प्राण्यांविषयी लिहिताना मासेमारांना, शिकाऱ्यांना, ससाणे पाळणाऱ्यांना विचारी. ग्रंथात एक आणि कोळ्याच्या अनुभवात दुसरे असेल तर अनुभव टिपून ठेवी. ज्याला जे ठाऊक आहे तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, ही एक प्रकारची गरिबी आहे, आणि ती आल्बर्टच्या डॉमिनिकन व्रताला शोभणारीच होती.

आता त्या दुसऱ्या दोन हाडांविषयी. मी त्या अभ्यासकाला राणीविषयी इतके प्रश्न विचारले, पण याविषयी एकही विचारला नव्हता. तेच म्हणाले, ‘बाकीच्या दोघांचे काय निघाले ते वाचलेत का?’ हैदराबादला त्या दोन हाडांचीही तितक्याच काळजीने तपासणी झाली होती. यंत्राला राणी आणि इतर असा भेद कळत नाही. त्यांचा मातृवंश आपल्या भारतीय उपखंडात सर्वत्र आढळणाऱ्या ‘एम’ गटातला निघाला. या दोघांच्या आज्या-पणज्या बहुधा इथल्याच मातीतल्या. कोण होते ते? त्या मठाच्या भिंतीआड त्यांची हाडे कोणत्या वाटेने पोहोचली? त्यांच्यासाठी कोणत्याही देशाचे शिष्टमंडळ आले नाही. निबंधात तिन्ही हाडांना राणीच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून क्रमांक दिलेले आहेत: क्यूकेटी-१, क्यूकेटी-२, क्यूकेटी-३. शास्त्राच्या दप्तरात ते दोघे आजही राणीच्या नावानेच नोंदलेले आहेत.