आधी टाऊन हॉल, मग व्हेनिस

व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहालयात इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा म्हणून एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला आली. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर, मुलगी कोल्हापुरात चित्रकला शिकते. मी विचारलं, टाऊन हॉलच्या संग्रहालयातला पोसायडन पाहिलास का? म्हणाली, "सर, बागेत बसून लँडस्केप पुष्कळ केलीत. आत मात्र शाळेच्या सहलीत गेले होते, तेवढंच."

दोष तिचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या झाडांखाली आम्हीच मुलांना बोर्ड घेऊन बसवतो, उन्हासावलीचे धडे देतो आणि संध्याकाळी तिथूनच घरी पाठवतो. आत आबालाल रहिमानांची, बाबूराव पेंटरांची चित्रं आहेत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्याच टेकडीनं आपल्याला पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती दिली. समुद्राचा हा देव भूमध्य सागरातून निघून कोकणातल्या एखाद्या बंदरात उतरला असणार आणि घाट चढून इथवर आला असणार. त्याच्या हातातला त्रिशूळ कधीच हरवलाय, तरी उभं राहण्यातली ऐट तशीच आहे.

परदेशी जाऊच नये, असं मी म्हणत नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले, तेव्हा अवघ्या विशीचे होते. जे पाहिलं ते रोज वहीत टिपत गेले. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, तिथे आज त्यांची छत्री आहे. त्यांची दैनंदिनी 1872 साली लंडनला छापून निघाली. त्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा आणि आपल्या टाऊन हॉलचाही त्याचाच. फ्लॉरेन्सला आपला राजा, कोल्हापुरात भूमध्य सागराकडचा देव! हा धागा ज्या मुलाच्या हाती आहे, त्यानं इटलीला जरूर जावं. तिथल्या माणसांना सांगण्यासारखं त्याच्यापाशी काहीतरी असेल.

गुगेनहाइममध्ये इंटर्न करतात तरी काय? सकाळी दालनं उघडतात, तिकिटं देतात, चित्रांपाशी उभं राहून राखण करतात, येणाऱ्यांशी बोलतात. एकाच चित्रासमोर तासन् तास उभं राहणं हेच तिथलं मोठं शिक्षण, असं मला वाटतं. तिथे विद्यावेतन मिळतं, पण सगळीकडे मिळत नाही. अमेरिकेतल्या कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेनं 2019 साली इंटर्नना पैसे द्या, असं आपल्या सभासदांना बजावलं, कारण फुकट राबणं श्रीमंताच्या मुलालाच परवडतं. हे आपल्याला नवं नाही. शाहू महाराजांनी 1901 पासून या गावात वसतिगृहं उभी केली, त्यामागे हाच विचार होता. शिकायला येणाऱ्याच्या राहण्याजेवणाची सोय आधी लागली पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्याच जिल्ह्यातल्या संग्रहालयात तीन महिन्यांचं काम द्यावं, विद्यावेतनासह, आणि तेही पावसाळ्यात. कोल्हापूरच्या जुलैत हवेतला ओलावा कांस्याला छळतो. धातूत क्षार मुरलेले असले की ओल लागताच फिकट हिरवी भुकटी धरते आणि वस्तू आतून खात जाते. ती भुकटी आणि शतकांचा जुना, घट्ट हिरवा थर यांतला फरक पुस्तकातल्या फोटोवरून कळत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून, भिंगाखाली वस्तू धरून, मापं घेऊन, नोंदवहीत चार ओळी लिहून तो कळतो. हे ज्याला येतं, त्याला परदेशातल्या संग्रहालयात पहिल्या दिवसापासून काम मिळेल, आणि परत आल्यावर ते करायला जागाही असेल. आज परतणाऱ्याला मुंबईच गाठावी लागते, किंवा ॲनिमेशनच्या नोकरीत रमावं लागतं.

त्या मुलीला मी पत्रासाठी आठवडाभर थांबवलं. ती रोज दुपारी टाऊन हॉलमध्ये जात होती. शनिवारी आली तेव्हा वहीत पोसायडनची अकरा रेखाटनं होती, सगळी पाठीची आणि खांद्यांची. मी पत्र लिहायला घेतलं, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, सोमवारपर्यंत थांबा. हाताचं अजून जमलेलं नाही."