नववी आज्ञा

आमच्या मंडळीत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. आदल्या रात्री स्वतःला तपासून बघायचं, हे आजीने लावलेलं वळण. पौलाने करिंथच्या मंडळीला तसं बजावलंच आहे: आधी स्वतःची पारख, मग भाकर आणि प्याला. आजीची पारख सोपी होती. चुलीपुढे बसून ती बोटं मोजायची. कोणाशी अबोला राहिलाय का, कोणाचे पैसे द्यायचे आहेत का, सुनेला लागेल असं काही बोलले का. तीन बोटं झाली की उशीला डोकं टेकवायची आणि घोरायला लागायची. मी गेलं वर्षभर एकाच बोटावर अडते.

मी एकतीस वर्षं नगरला मराठी शिकवलं. शाळेतून निवृत्त झाले, पण महिला मंडळाच्या चिटणीसपदातून कोणी सुट्टी देत नाही. दर गुरुवारी दुपारी चार वाजता सतरंज्या पसरायच्या, पेटी काढायची, दोन गीतं, एक वचन, मग प्रार्थनेच्या विनंत्या, शेवटी चहा आणि खारी. कोणाचं ऑपरेशन ठरलंय, कोणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय, कोणाच्या सुनेला मूल राहत नाही, की निरोप येतो: बाईंना बोलवा. मी जाते. हात धरते. बायका रडतात आणि मग जरा हलक्या होतात. हे मला जमतं, आणि जमतं याचा मला अभिमानही होता. तो आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातूनच आलं.

काही वर्षांपूर्वी थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत घोषणा वाचतात. दोन वाचून झाल्या आणि मधल्या आठवड्यात मुलाकडच्यांनी मोडलं. कारण काय, ते इथे लिहीत नाही. तिसऱ्या रविवारी मी हट्टाने चर्चला गेले, घरी बसले असते तर जास्त चर्चा झाली असती. पाळकसाहेबांनी सूचनांचा कागद वाचला. शब्बाथ शाळेची सहल, हंगामाच्या सणाची वर्गणी, एक आजी दवाखान्यातून घरी आल्याबद्दल आभार. मग कागदाची घडी करून बायबलमध्ये ठेवली. बायकांच्या बाकांवर जी शांतता पसरली ती मला पाठीवर जाणवली.

त्यानंतर लेक हळूहळू विझत गेली. कॉलेजात शिकवायची, ते सुटलं. जेवण सुटलं. तीन आठवडे केसांना कंगवा लागला नाही. एका दुपारी तेल घेऊन बसले तर मानेमागे मुठीएवढा गुंता. दीड तास सोडवला, शेवटी कात्री लावली. तिने हूं की चूं केलं नाही, तेव्हा मी खरी घाबरले. दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या गोळ्यांनी ती नुसती झोपायची, मग बदलून दिल्या. फरक पडायला दीड महिना लागला, आणि पुन्हा कामावर जाण्याइतकी ती सावरली तेव्हा सात महिने उलटले होते.

या सात महिन्यांत मी प्रार्थना केली, रात्र रात्र केली, हे खरं आहे. पण त्याच सात महिन्यांत घरी कोणी आलं की मी गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागे सरकवायचे, हेही खरं आहे. शेजारी टायफॉईड सांगितला. मंडळात सांगितलं, अशक्तपणा आहे. दुसऱ्यांच्या घरातलं दुःख दर गुरुवारी सतरंजीवर मांडून घेणारी मी, स्वतःच्या घरातलं पिठामागे लपवत होते.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. त्यांना सगळ्यांसमोर प्रार्थना करायला सांगितलं की घाम फुटतो. ते रोज सकाळी सहाला चहा करून लेकीच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवायचे, शेजारी बसायचे आणि पेपरातले बाजारभाव मोठ्याने वाचायचे. कांदा, ज्वारी, हरभरा. मला ते वेडगळ वाटायचं. एकदा म्हटलंही, त्यापेक्षा स्तोत्र वाचा. ते म्हणाले, स्तोत्राला तिला आमेन म्हणावं लागेल, कांद्याला काही म्हणावं लागत नाही. एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करूनच बोलली, "बाबा, हा कालचा पेपर आहे." कित्येक दिवसांत आपणहून बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

हे मी माझ्या साक्षीत कधीच सांगितलं नाही. त्यात देवाचं नाव येत नव्हतं ना.

साक्ष दिली ती मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक महिला प्रार्थना दिनाला. त्या दिवशी गावातल्या सगळ्या मंडळ्यांच्या बायका एकत्र जमतात. लेक तोवर पुण्याला नोकरीला लागली होती. दीडशेच्या वर बायका समोर होत्या. मी उभी राहिले आणि पिठाच्या डब्यामागची पाकिटं सगळ्यांच्या पुढ्यात ओतली. मोडलेलं लग्न, खाट, केसांचा गुंता, गोळ्या, सगळं. मग देवाने तिला कसं उभं केलं ते. बायका हुंदके देत होत्या. नंतर रांग लावून त्यांनी माझे हात हातात घेतले. आजार होता तोवर लपवला, आणि शेवट गोड झाल्यावर मिरवला. तेव्हा असं वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं, देव मला वापरतोय.

मग बोलावणी यायला लागली. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव. साक्ष दर वेळी घोटून घोटून गुळगुळीत होत गेली. वर्गात एकच कविता दहा वर्षं शिकवली की कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आपोआप कळतं, तसंच. डॉक्टर आधी एका वाक्यात आले, मग गळाले. गोळ्या राहिल्या, पण "गोळ्यांनीही गुण येईना" एवढ्यापुरत्या. आणि सात महिन्यांचे चाळीस दिवस झाले. ते नेमके कुठल्या गावी झाले, हे मी आठवून पाहिलं आहे. श्रीरामपूरला. त्या दिवशी मी एलीयाचा दाखला घेतला होता आणि चाळीस दिवस जिभेवर आयते होते. नोहाचा पाऊस चाळीस दिवस, मोशे डोंगरावर चाळीस दिवस, निनवेला मुदत चाळीस दिवसांची, प्रभू रानात चाळीस दिवस. माझ्या लेकीचं दुःख त्या मापात चपखल बसलं. समोरच्या बायकांनी उसासा सोडला आणि मी तो आकडा कायम केला.

एलीयाची गोष्ट मी पुरती वाचली असती तरी भागलं असतं. तो संदेष्टा झाडाखाली पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला विश्वासाचा धडा देत नाही. त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. चाळीस दिवसांची वाट त्याच्यानंतरची. मी चाळीस दिवस उचलले आणि भाकर तिथेच ठेवली. आमच्या घरात ती भाकर कोण भाजत होतं, आणि कांद्याचे भाव कोण वाचत होतं, हे मला ठाऊक असताना.

संगमनेरच्या बाजूच्या एका गावची तरुण बाई, दोन लेकरांची आई. माझी साक्ष ऐकून तिने नंबर घेतला होता. एके दिवशी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "बाई, आज बेचाळिसावा दिवस आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या गोळ्या चालू होत्या, त्या तिने साक्ष ऐकून आल्यावर बंद केल्या होत्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करत होती. तिचा विश्वास कुठे कमी पडला, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

मी काय बोलले? "धीर धर, मी प्रार्थना करते." आणि फोन ठेवला. त्या पाच शब्दांत मी किती बायकांची तोंडं बंद केली असतील, हा हिशोब आता लागणार नाही. समोरच्या बाईचं दुःख माझ्या उत्तरात मावेनासं झालं की मी प्रार्थनेचं नाव काढते. देवाचं नाव घेऊन विषय मिटवते. ईयोबाचे मित्र निदान सात दिवस, सात रात्री तोंड न उघडता त्याच्याजवळ जमिनीवर बसले होते, नंतर बिघडवलं ते बोलून. मी सात मिनिटंही बसले नाही.

तिसऱ्या दिवशी मी परत फोन केला आणि खरं सांगितलं. सात महिने. डॉक्टर. बदललेल्या गोळ्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तिथं तसं का सांगितलं हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या भावाने तिला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं एवढं मला कळलं. माझा फोन ती आता उचलत नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

देव एका धक्क्यात शिकवत नाही बहुतेक, निदान मला नाही. त्याच सुमारास लेकीला पुण्यात एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने फोनवर विचारलं, "ती साक्ष देणाऱ्या बाई तुम्हीच ना?" बोलणी पुढे गेली नाहीत. लेकीला त्या स्थळाचं फारसं वाईट वाटलं नाही. तिला कळलं ते वेगळंच. आपली आई गेली दीड वर्षं गावोगाव काय सांगत फिरते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

"आई, मला एकदा विचारायचंस तरी."

"देवाच्या गौरवासाठी सांगितलं गं."

"मग स्वतःचं सांगायचंस."

"माझं काय आहे त्यात सांगण्यासारखं?" असं मी खरंच म्हणाले.

साक्ष हा शब्द मी आयुष्यभर वापरला. मराठी शिकवलं, तरी एवढं ध्यानात आलं नव्हतं की आपण चर्चमध्ये देतो ती साक्ष आणि कोर्टात देतात ती साक्ष, शब्द एकच आहे. दहा आज्ञांमधली नववी याच शब्दाची आहे. शेजाऱ्याबद्दल खोटी साक्ष द्यायची नाही. लहानपणी पाठ केली तेव्हा वाटायचं, आपण कशाला कोर्टात जातोय, ही आज्ञा आपल्याला लागूच नाही. माझी शेजारीण माझ्याच घरात खाटेवर झोपलेली होती.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी नववी-दहावीच्या पोरांना कितीदा वाचून दाखवली असतील. त्या आमच्या नगरच्याच म्हणायच्या. नवऱ्याने, म्हणजे टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, यांनी १९०० साली. ती मधली पाच वर्षं त्यांनी झाकली नाहीत. नवऱ्याकडे परत राहायला आल्यावरही सोवळं सुटत नव्हतं, ते कसं सुटत गेलं, हे त्या हसत हसत सांगतात, आणि हसू असतं स्वतःवर. पंडिता रमाबाई तर आणखी पुढे. बाप्तिस्मा १८८३ साली झाला, पण त्यानंतर सुमारे आठ वर्षं धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत कबूल केलं आहे. मुक्ती मिशनमध्ये ज्यांच्याकडे शेकडो मुली आई म्हणून बघत होत्या त्यांना असं लिहिणं सोपं गेलं असेल का? आठ वर्षांची आठच वर्षं ठेवली. मला सात महिने जड झाले.

वाईट याचं वाटतं की बायकांना खऱ्यानेच धीर आला असता. एखादीच्या घरी गोळ्या चालू असतील, पिठाच्या डब्यामागे असतील, आणि ती गुरुवारी येऊन अशक्तपणा सांगत असेल. तिला चमत्कार ऐकवून मी आणखी एकटं पाडलं. ‘मीही लपवल्या होत्या’ एवढं म्हटलं असतं तर ती चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसली असती. ते माझं होतं, ते सांगायला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि नेमकं तेच मी कधी सांगितलं नाही.

गुरुवारी मंडळात आता प्रार्थनेची विनंती घेताना मी एक विचारते: हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांना ठाऊक आहे का, आपण सांगतोय ते? पहिल्यांदा विचारलं तेव्हा दोन बायका रागावल्या. एक अजून येत नाही. विनंत्या निम्म्यावर आल्या आहेत, आणि चहाला बायका पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात. त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही. लावायला बसले की पुन्हा त्याची साक्ष होईल, अशी भीती वाटते.

हे लिहून झाल्यावर लेकीला पाठवलं. तिने दोन परिच्छेद काढायला लावले, ते काढले. गुंत्याचं राहू दे म्हणाली. बाबांचं तर नक्की राहू दे म्हणाली. खाली एक ओळ लिहून पाठवली की गोळीबद्दल आता काय ते तीच सांगेल, तिला सांगावंसं वाटलं तर.

तेव्हा राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव इथल्या बहिणींनो, माझी साक्ष तुम्ही ऐकली असेल तर एवढी दुरुस्ती करून घ्या. चाळीस दिवस नव्हेत, सात महिने. डॉक्टर होते. गोळ्यांनी गुण आला. ज्यांना तुम्ही माझी गोष्ट पुढे सांगितली असेल, त्यांनाही कळवा, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नका.