पशुसुधारणेचा धर्मविचार

पशुधनाची जात सुधारणे हे वरकरणी पशुशास्त्राचे काम आहे. कोणता वळू राखायचा, कोणत्या म्हशीला कोणत्या हेल्याचे रेतन द्यायचे, वगारीला किती दूध सोडायचे, हे त्यातले रोजचे निर्णय. पण या प्रत्येक निर्णयामागे एक जुना नैतिक प्रश्न उभा असतो. ज्या जिवाला बोलता येत नाही, त्याच्या पुढच्या पिढ्या कशा असाव्यात हे माणसाने ठरवावे का? आणि ठरवलेच, तर कोणाच्या हितासाठी? अमरावती आणि अकोला या वऱ्हाडी जिल्ह्यांत भूतदयेची दीर्घ परंपरा आणि पशुसंशोधनाच्या संस्था एकाच मातीत असल्यामुळे येथे हा प्रश्न टाळता येत नाही.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रद्धास्थान. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ या पंथाच्या ग्रंथात शिकाऱ्यांपासून सशाला वाचवणाऱ्या चक्रधरस्वामींची लीळा आहे. याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढील पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तने केली आणि मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम उभारले. यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ‘गोवंश-सुधार’ या नावाचा स्वतंत्र अध्याय घातला. ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांच्या जोडीला एका धर्मग्रंथात गुरांच्या सुधारणेला जागा मिळाली, ही वैचारिकदृष्ट्या मोठी घटना आहे.

या तीन उदाहरणांत दयेचे स्वरूप बदलत गेलेले दिसते. सशाला अभय दिले की त्याच्यापुरते कर्तव्य पूर्ण होते. तो रानात निघून जातो. गोठ्यातली गाय कोठे जात नाही. तिचा चारा, पाणी, निवारा, विणे आणि आजारपण माणसाच्या हाती असते. म्हणून रानातल्या जिवाबाबत अहिंसा म्हणजे न मारणे, पण दावणीच्या जिवाबाबत अहिंसा म्हणजे नीट सांभाळणे. सांभाळायचे तर माहिती हवी, आणि तेथूनच संशोधनाचा धर्माशी संबंध सुरू होतो.

भारतीय संविधानानेही हा संबंध मान्य केला आहे. अनुच्छेद ४८ मध्ये शेती व पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने संघटित करणे, गुरांच्या जातींचे जतन व सुधारणा करणे आणि गाई, वासरे व इतर दुभत्या व जुंपणीच्या गुरांच्या कत्तलीस मनाई करणे ही उद्दिष्टे एकत्र आली आहेत. संविधान सभेचे सदस्य असलेले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर परदेशात संशोधन केले होते. पुढे १९५२ ते १९६२ या काळात त्यांनी केंद्रात कृषिखात्याची जबाबदारी सांभाळली. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात स्थापन झाले. अकोल्यातच स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

सुधारणेचे शास्त्र मुळात मोजणीवर उभे आहे. एका वेतात किती दूध, किती फॅट, दोन वेतांत किती अंतर, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली तरच कोणत्या मादीचा वंश वाढवावा हे कळते. नराची पारख त्याहून कठीण असते. वळूचे गुण त्याच्या कालवडी विऊन दूध देऊ लागल्यावरच सिद्ध होतात, आणि त्याला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर त्याचे वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवता येते. उलट गावात एकच वळू वर्षानुवर्षे फिरत राहिला, तर तो आपल्याच कालवडींना लागतो. बाप-लेकीच्या मिलनातून झालेल्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के असतो. त्यातून अशक्त वासरे आणि वांझपणा वाढतो. येथे अज्ञानाचे फळ मुके जनावर भोगते. वळू बदलण्याची साधी शिस्त ही त्यामुळे व्यवस्थापनाइतकीच दयेचीही बाब ठरते.

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, निसर्गाच्या रचनेत माणसाने हात घालू नये. पण पाळीव जनावर ही हजारो वर्षांच्या मानवी निवडीतूनच घडलेली निर्मिती आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याचे खांदे मळले जातात आणि ज्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते, तो बैलही खच्ची केलेला गोऱ्हा असतो. कोणता गोऱ्हा वळू राहील आणि कोणता औताला जाईल, हा निर्णय शेतकरी पिढ्यान् पिढ्या घेत आला आहे. म्हणून निवड करावी की नाही हा खरा वाद नाही. ती डोळसपणे आणि कमीत कमी वेदना देऊन होते की नाही, हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सुधारणा म्हणजे केवळ अधिक दूध असे मानले, तर बाहेरचे रक्त आणणे हा जवळचा मार्ग वाटतो. गावरान म्हशीला मुऱ्हा जातीच्या हेल्याचे रेतन दिले की पहिल्या पिढीत निम्मे रक्त मुऱ्ह्याचे येते. प्रत्येक पिढीत हेच चालू ठेवले तर पाचव्या पिढीत बत्तीसपैकी एकतीस भाग मुऱ्ह्याचे होतात. एकाही जनावराच्या गळ्याला सुरी लागलेली नसते, तरीही एक वंश संपलेला असतो. अहिंसेचा विचार बहुधा एकेका जिवाच्या प्राणापाशी थांबतो. वंशाचा असा निःशब्द लोप त्याच्या कक्षेत येतो का, हा वऱ्हाडापुढचा प्रत्यक्ष प्रश्न आहे.

कारण येथे असा एक वंश आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली, भुऱ्या-पांढुरक्या रंगाची पूर्णाथडी म्हैस अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत आढळते. २०२३ साली तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. खारपाणपट्ट्यातला उन्हाळा, कडबा-कुटार आणि सरकीची ढेप यांवर पिढ्यान् पिढ्या तगलेले हे जनावर आहे. त्याचे गुण त्या प्रदेशाच्या हवापाण्याने आणि तेथील पशुपालकांच्या निवडीने घडवले आहेत. एकदा ते विरून गेले तर कोणत्याही प्रयोगशाळेला ते पुन्हा घडवता येणार नाहीत. म्हणून जातीअंतर्गत निवड करून दूध वाढवणे हाच येथे न्याय्य मार्ग ठरतो. तो सावकाशीचा आहे, पण त्यात जतन आणि सुधारणा यांची फारकत होत नाही.

पूर्णाथडी हा वंश धर्मविचाराचीही कसोटी पाहतो. गाईला माता मानले जाते, पण म्हशीला तो मान नाही. हेला तर यमाचे वाहन, आणि देवीपुढे त्याचा बळी देण्याची प्रथा होती. कर्तव्य केवळ पावित्र्यातून उगवत असेल, तर म्हैस त्याच्या बाहेर राहते. ‘सुत्तनिपाता’तील ब्राह्मणधम्मिक सुत्तात गाईंना आईबाप आणि भावंडांसारखे नातलग मानले आहे आणि त्याचे कारण त्यांच्या उपकारात शोधले आहे. उपकार हा निकष धरला तर म्हैस आत येते. वेदना आणि परावलंबन हा निकष धरला तर कोणाच्याही उपयोगी न पडणारा हेलाही आत येतो. हा तिसरा निकष सर्वांत व्यापक आहे आणि गाडगेबाबांच्या मुक्या प्राण्यांविषयीच्या शिकवणीशी तोच जुळतो.

याच निकषावर सुधारणेचा सर्वांत दुबळा भाग उघडा पडतो. दुधाच्या हिशेबात नर वासराला जागा नसते. अनेक गोठ्यांत म्हशीच्या नर पिल्लाला पोटभर दूध मिळत नाही. लिंगनिश्चित रेतनाने सुमारे नव्वद टक्के माद्या जन्माला घालता येतात, त्यामुळे नकोशा नरांचे हाल कमी होतात. तरी जन्मलेल्या नराचे आणि भाकड जनावराचे दायित्व उरतेच. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशातील बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा जिवाला अभय देतो, पण चारा देत नाही. तो भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतल्यावर कडबाही कमी झाला. समाजाला गोवंश पूज्य वाटत असेल, तर त्याच्या म्हातारपणाचा खर्चही समाजाने वाटून घ्यावा, हे न्यायाचे साधे मागणे आहे.

यामुळे शेतकरी-प्रशिक्षण हे सुधारणेचे नैतिक केंद्र बनते. अमरावती जिल्ह्यातील दुर्गापूर आणि घातखेड येथील कृषी विज्ञान केंद्रांसारख्या संस्थांचे महत्त्व येथे आहे. म्हशीचा मुका माज ओळखणे, वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजणे, कुटारावर प्रक्रिया करणे, खच्चीकरण पशुवैद्याकडून वेदनाशमन करून घेणे, वेताची वही ठेवणे, या गोष्टी शिकल्याने दूध वाढते आणि जनावराचे दुःखही घटते. प्रशिक्षण एकमार्गी मात्र नसावे. मेळघाटच्या पायथ्याचा गवळी जनावराची चाल, कास आणि स्वभाव पाहून जी पारख करतो, ती संशोधकाच्या नोंदवहीत यायला हवी. वंश त्याच्याच घराण्याने सांभाळला आहे. त्याच्या संमतीवाचून त्या वंशाचे भवितव्य ठरवणे अन्यायाचे आहे.

तेव्हा पशुसुधारणा धर्म्य ठरण्यासाठी तीन ऋणे फेडावी लागतात. पहिले त्या जनावराचे: वाढलेले दूध त्याच्या आरोग्याच्या किमतीवर मिळवलेले नसावे, आणि दूध न देणाऱ्यालाही जगण्याचा हक्क असावा. दुसरे वंशाचे: आजच्या भावासाठी शेकडो वर्षांचे गुण पुसले जाऊ नयेत. तिसरे पालकाचे: जो रोज शेण काढतो, चारा टाकतो आणि रात्री विणाऱ्या म्हशीजवळ जागतो, त्याच्या घरात सुधारणेचे फळ पोचावे. यांतले एक जरी राहिले तरी ती केवळ उत्पादनवाढ असते. तिन्ही फेडली गेली तर संशोधन आणि भूतदया ही एकाच कर्तव्याची दोन अंगे ठरतात.