आहेत तसे केस

शिया बटरने केस वाढत नाहीत. केसांचे ‘पोषण’ही होत नाही, कारण टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, त्याचे पोषण होण्यासारखे काही उरलेलेच नसते. शिया बटर म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांतून काढलेले लोणी; त्यात पाण्याचा अंशही नसल्यात जमा, त्यामुळे डब्यावर काहीही छापलेले असो, ते ओलावा देऊ शकत नाही. केसात आधीच असलेले पाणी ते लवकर उडू देत नाही आणि केसावर केस घासला तर त्यांना अडकू देत नाही, एवढेच त्याचे काम. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या केसांसाठी मात्र एवढे काम फार मोठे आहे. त्याहून जास्त वचन देणारा त्या केसांमध्ये नसलेली खोट दाखवत असतो, असे मला ठामपणे वाटते.

या केसांची घडण नीट पाहिली की हे पटते. घट्ट वळ्यांच्या केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा लंबगोल असतो. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. स्प्रिंगसारख्या केसावर ते मुळाशीच राहते आणि टोके कोरडी पडतात. प्रत्येक वळणाशी केस थोडा कमजोर असतो. कंगवा तिथेच अडतो आणि केस तिथेच तुटतो. ‘आमचे केस खांद्याखाली जातच नाहीत’ ही तक्रार पिढ्यान्पिढ्या ऐकू आली ती यामुळे. केस वाढत होते; जेवढे मुळाकडून वाढत तेवढेच टोकाकडून तुटत. तुटणे थांबले की लांबी दिसू लागते. शिया बटर लावणारी बाई ‘माझे केस वाढले’ म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते, फक्त श्रेय वेगळ्या कारणाला देत असते.

म्हणूनच लावण्याची पद्धत महत्त्वाची. केस धुऊन पाणी नुसते निथळले आहे, अशा ओलसर अवस्थेतच हे काम करायचे. डोक्याचे चार भाग करून तीन चिमट्यांनी बांधून ठेवायचे. सुट्या भागासाठी करंगळीच्या पेराएवढा गोळा तळहातांत चोळायचा. हाताच्या उबेने तो मऊ होतो, मग तेलासारखा पसरतो. रवाळ लागला तर अजून चोळायचा. सुरुवात टोकांपासून करायची, कारण सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त झिजलेला केस तिथे असतो. मग त्या भागाच्या बारीक बटा घेऊन दोन-दोन पेडांचे पीळ घालायचे आणि रात्री डोक्याला सॅटिनचे कापड बांधायचे, म्हणजे उशीच्या सुती अभ्र्यावर केस घासत नाहीत. हेच लोणी कोरड्या केसांवर थापले तर आत राखायला पाणीच नसते, केस नुसते तेलकट आणि राठ होतात. टाळूवर चोळण्याची सवय तर सोडलेलीच बरी. कोंड्याला कारण ठरणारी बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. ज्यांना कोंडा आहे त्यांचा त्रास यामुळे वाढू शकतो.

या बाबतीत मुंबईत झालेले एक संशोधन उपयोगी पडते. मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 मध्ये खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी फक्त खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली, कारण त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असल्याने केसाच्या आत शिरते. शियात मुख्यत्वे ओलेइक आणि स्टिअरिक ही मोठी आम्ले. त्याचे काम प्रामुख्याने पृष्ठभागावर चालते. तेव्हा धुण्याआधी खोबरेल आणि धुतल्यावर शिया, ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते. पातळ, सरळ केसांच्या माणसाने मात्र शियाच्या नादी लागू नये. त्याच्या डोक्यावर ते चिकट ओझे होऊन बसेल.

आता प्रश्न असा, की इतक्या साध्या उपायाला इतका भावनिक जिव्हाळा का मिळाला. उत्तर या केसांना मिळालेल्या वागणुकीत आहे. 1786 मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस कापडाने झाकावेत असा हुकूम काढला. मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या स्त्रियांजवळ ना त्यांचे लोणी होते ना त्यांचे कंगवे. त्या प्राण्यांची चरबी किंवा जे हाती लागेल ते लावत. पुढे तापवलेले लोखंडी कंगवे आले, त्यानंतर कॉस्टिक सोड्यावर आधारलेली रसायने आली. ही रसायने केसातल्या प्रथिनांचे बंध तोडून तो कायमचा सरळ करतात. टाळूची आग होणे हा त्या सौंदर्याचा नेहमीचा भाग मानला गेला. अमेरिकेत सुमारे 33 हजार 500 स्त्रियांचा जवळपास 11 वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के असल्याचा अंदाज त्यात आहे. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण हा संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हे सगळे स्त्रिया हौसेने करत होत्या असे म्हणणे अन्यायाचे आहे. 2010 मध्ये अलाबामात एका कृष्णवर्णीय तरुणीने डोक्यावरच्या जटा कापायला नकार दिला म्हणून तिला देऊ केलेली नोकरी काढून घेतली गेली. 2016 मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला; जटा ही बदलता येणारी गोष्ट आहे, ती वंशाचे अढळ लक्षण नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनी केसांवरच्या जाचाविरुद्ध उभ्या राहिल्या. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात झाला तो 2019 मध्ये. बाईच्या केसांवर समाजाने ताबा सांगणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. विधवांचे केशवपन करणार नाही म्हणून 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी केलेला संप आणि त्यामागचे नारायण मेघाजी लोखंडे आपल्याला ठाऊक आहेत. तिथे केस काढायचे होते, इथे सरळ करायचे होते. निर्णय दोन्हीकडे डोके जिचे, तिचा नव्हता.

शिया बटरचे मोल मला यात दिसते. ते केसाचा आकार बदलत नाही. जो आकार आहे त्याची गरज ओळखून ते लावले जाते. पण बाजाराने यातही जुनी प्रतवारी मागच्या दाराने आणली आहे. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी 1990 च्या दशकात केसांची 1 (सरळ) ते 4 (घट्ट वळ्यांचे) अशी वर्गवारी लोकप्रिय केली. सोयीसाठी केलेल्या त्या आकड्यांची पुढे उतरंड झाली. जाहिरातीत मोकळ्या, चकाकत्या वळ्यांची मुलगी, आणि डब्यावर ‘वळ्या सुबक करा’ असे आवाहन. ज्यांच्या केसांत अशा वळ्या पडतच नाहीत, कापसासारखा दाट पुंजका असतो, त्या पुन्हा अपुऱ्या ठरल्या. शियामॉइश्चर या कंपनीची उभारणी कृष्णवर्णीय ग्राहकांच्या भरवशावर झाली. 2017 च्या एप्रिलमध्ये तिच्या एका जाहिरातीत गोऱ्या स्त्रियांना पुढे आणल्यावर संताप उसळला आणि कंपनीला माफी मागावी लागली. वर्षअखेरीस युनिलिव्हरने तिची मालक कंपनी घेण्याचा करार केला. मला तो संताप पूर्ण समजतो. त्या कृष्णवर्णीय बायकांनी नुसती क्रीम विकत घेतली नव्हती.

आणि हे लोणी काढणाऱ्या बायका? सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ पट्ट्यात शियाची झाडे शेतात राखलेली असतात, सहसा कोणी लावत नाही. फळ धरायलाच 15 ते 20 वर्षे लागतात. मोहाच्याच कुळातले हे झाड, चिकूही त्यातलाच. पावसाळ्याच्या तोंडाशी पडलेली फळे बायका वेचतात. बिया उकडून वाळवायच्या, कवच फोडायचे, आतला गर भाजून दळायचा. मग तो चॉकलेटी लगदा मोठ्या घमेल्यात घेऊन थोडे थोडे पाणी घालत हाताने फेटायचा. कोपरापर्यंत हात माखतात, खांदे भरून येतात आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग लगद्याचा रंग एकाएकी फिका पडतो, पांढुरका फेस वर जमू लागतो. ताक घुसळताना लोणी सुटते तेव्हा हाताला कळते, तसेच इथेही. तो फेस धुऊन, उकळून, गाळून थंड केला की शिया बटर तयार. पाणी आणि जळण दोन्ही भरमसाट लागते, आणि ते आणायचेही बायकांनीच.

या भागातल्या पिकाचा मोठा वाटा केसांपर्यंत पोहोचतच नाही. बिया कच्च्याच परदेशी जातात आणि त्यांतले तेल चॉकलेट व मिठाईच्या धंद्यात वापरले जाते. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमाने चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना मुभा दिली, त्यांत शियाबरोबर कोकम, साल वृक्षाचे बी आणि आंब्याची कोयही आहे. कोकणात टाचांच्या भेगांना लावले जाणारे कोकमतेल आणि घानातले शिया परदेशी कारखानदाराच्या यादीत शेजारी बसतात.

2025 च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाने कच्च्या शिया बियांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. तेल देशात निघावे आणि जास्तीची कमाई देशात राहावी, हा हेतू. तो मला योग्य वाटतो. पण माल घेणारे देशी कारखाने पुरेसे नसताना निर्यात अडवली तर बियांचा भाव पडतो, आणि तो तोटा निर्यातदाराआधी पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईच्या पदरात पडतो. गावाजवळ गिरणी आणि हंगाम सुरू व्हायच्या आत ठरलेला खरेदीचा भाव, हे बंदीच्या आधी यायला हवे होते.