उपकरण आणि परिग्रह

खामगाव, मलकापूर, चिखली यांसारख्या गावांतून फायबरचे इंटरनेट घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचल्यापासून, कंपनीने बसवून दिलेल्या डब्यावर विसंबून न राहता आपल्या घराचा राउटर आपण स्वतः भाग निवडून जुळवावा, अशी उमेद धरणारे तरुण बुलढाणा जिल्ह्यातही भेटू लागले आहेत. आणि प्रोसेसर कोणता घ्यावा, मेमरी किती असावी, पोर्ट दोन पुरतील की चार हवेत, हे त्यांचे प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचे व बाजारभावाचे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी गृहस्थधर्मातील एक फार जुना प्रश्न उभा आहे. संसारात राहणाऱ्या मनुष्याने किती बाळगावे, आणि ती मर्यादा कोणी व कशाच्या आधारे मुक्रर करावी, हा तो प्रश्न होय.

याच जिल्ह्यात शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते टाकलेल्या पत्रावळीवरील शिते वेचून खाताना, आणि अंगावरील वस्त्राचीही ज्यांनी तमा बाळगली नाही अशा त्या सत्पुरुषाचे ते दर्शन वऱ्हाडातील श्रद्धाळू मनाने निरिच्छतेची परिसीमा म्हणून जतन केले आहे. तथापि ही परिसीमा गृहस्थाने वंदावी हे जितके योग्य, तितकेच हेही खरे, की दैनंदिन व्यवहारासाठी त्याला मोजमाप लागते. आणि ते मोजमाप जैनांच्या श्रावकाचाराने जितक्या बारकाईने केले आहे तितके मला अन्यत्र क्वचितच आढळले. श्रावकाच्या अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. शेत, घर, चांदी, सोने, गुरेढोरे, धान्य येथपासून वस्त्रे व भांडीकुंडी यांपर्यंत मालमत्तेची दहा सदरे त्यात सांगितली आहेत. परंतु कोणत्या सदराखाली किती ठेवावे याचा आकडा शास्त्र घालून देत नाही, तो ज्याचा त्याने विवेकाने ठरवावयाचा आणि ठरविल्यावर ओलांडावयाचा नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येवर न बसविता वस्तूविषयीच्या मूर्च्छेवर, म्हणजे आसक्तीवर, बसविले, ते याच दृष्टीने. दिगंबर मुनी वस्त्रही ठेवत नाहीत, पण पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र ही तीन त्यांच्याजवळ असू शकतात, कारण जीवरक्षा, शौच आणि ज्ञान असे प्रत्येकाचे प्रयोजन निश्चित सांगता येते. प्रयोजन सांगता येते ते उपकरण. ते सांगता न येऊनही जे सोडवत नाही तो परिग्रह.

आता हा दंडक राउटरला लावून पाहावा. घरात आलेली तार सेकंदाला एक गिगाबिटची असेल, तर पूर्ण आकाराची पॅकेटे तिच्यावरून सेकंदाला सुमारे ८१ हजार जातात, आणि सारी पॅकेटे लहानात लहान असतील तर तीच संख्या १४ लाख ८८ हजारांवर जाते. गृहस्थाच्या घरी चित्रपट पाहणे, फायली उतरवणे यांचा भरणा बहुतांशी मोठ्या पॅकेटांचा. दुसरा आकडा प्रयोगशाळेतील कसोटीचा आहे, आणि तो डोळ्यांपुढे ठेवून घरचे यंत्र निवडणे म्हणजे परक्याच्या गरजेवर आपले व्रत बांधणे होय. परंतु येथे उलट बाजूचाही प्रमाद संभवतो. एकाने मोठी फाईल वर चढविली असता दुसऱ्याचे संभाषण तुटू नये यासाठी रांगेतील पॅकेटांची व्यवस्था करणाऱ्या ज्या पद्धती कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्या २०१२ मधील कामापासून पुढे विकसित झाल्या, त्यांना प्रोसेसरचे बळ लागते, आणि व्हीपीएनच्या सांकेतिक बोगद्यातून दप्तराचे काम करणाऱ्यास त्याहून अधिक लागते. एके काळी हौशी लोकांत अत्यंत प्रिय असलेला स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचा एपीयू-२ हा फलक, त्याच्या एक गिगाहर्ट्‌झच्या चार गाभ्यांनिशी, काही प्रणालींवर एकाच प्रवाहाला पूर्ण गिगाबिट देताना अपुरा पडे. केवळ कमी घेतले म्हणून पुण्य लागत नाही; प्रयोजन सिद्ध न करणारे यंत्रही निष्प्रयोजनच.

अधिक घेण्याचा मोह मात्र सामान्यतः प्रबळ असतो. विहिरीचे पाणी तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीपुरते असताना तिच्यावर दहाची मोटार बसविणारा शेतकरी आमच्याकडे शहाणा समजला जात नाही. पण एक गिगाबिटच्या तारेपुढे दहा गिगाबिटचे कार्ड बसविणाऱ्यास दूरदर्शी म्हणतात. बहुतेक ठिकाणी प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटची एकच वाहिनी बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ते कार्ड कशासाठी, याचे उत्तर ‘उद्या लागेल’ एवढेच उरते. उद्याची चिंता करू नये असे गृहस्थाला कोणतेही शास्त्र सांगत नाही, आणि एखाद्या पायरीची तजवीज रास्तच आहे. पण ज्या उद्याला तारीख नाही, त्याच्या नावाने केलेला साठा हाच मूर्च्छेचा अत्यंत सभ्य प्रकार होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे धर्मसंकट मला दिसते ते अन्यत्र. घरात जुना संगणक पडलेला आहे. त्यात दोन पोर्टांचे एखादे जुने कार्ड बसविले की राउटर तयार होतो, नवे काही घ्यावे लागत नाही, कचराही वाढत नाही. अपरिग्रहाचा कौल उघडच त्याच्या बाजूने पडतो. पण राउटर अष्टौप्रहर चालतो, आणि अखंड चालणारा प्रत्येक वॉट वर्षाला पावणेनऊ युनिटे खातो. जुना संगणक पन्नास वॉट घेईल तर वर्षाला ४३८ युनिटे होतील, आणि २०२३ पासून मिळू लागलेल्या एन-१०० प्रोसेसरचा पंखा नसलेला लहान डबा दहा वॉटवर भागवील तर ८८. शेगावपासून फार दूर नसलेल्या पारसच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो, त्या हिशेबाने ही तफावत वर्षाला अडीच क्विंटलांच्या घरात जाते. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे जे चार भेद सांगितले आहेत, त्यांपैकी आरंभी, म्हणजे घरच्या नित्य व्यवहारातून घडणारी, हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही. तिचे प्रमाण अल्प ठेवणे तेवढे त्याच्या हाती असते. नवा डबा घडवितानाही खाणी खोदल्या जातात व पाणी वापरले जाते, हे मी विसरत नाही. तरीही यंत्र पाच-सात वर्षे अहोरात्र चालावयाचे असेल तर, माझ्या बुद्धीप्रमाणे, अल्पाहारी यंत्र घेणे हे अपरिग्रहाशी विसंगत असले तरी अहिंसेशी सुसंगत आहे, आणि दोन व्रतांत विरोध आला असता अहिंसेने अग्रस्थान घ्यावे, कारण इतर व्रते तिच्याच रक्षणासाठी सांगितली आहेत. घाटावर बुलढाण्याच्या थंड हवेत असा डबा कोठेही ठेवला तरी चालतो. घाटाखाली, नांदुऱ्या-मलकापुराच्या वैशाखात, त्याला कपाटात कोंडून चालत नाही, त्याच्या चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे.

आता ज्ञानाविषयी. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरात मुक्त परवान्याची लिनक्स प्रणाली वापरली असल्याचे उघडकीस आल्यावर त्याची मूळ संहिता २००३ मध्ये प्रसिद्ध करावी लागली, आणि तिच्यातून पुढल्याच वर्षी ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाचा उगम झाला. आपल्या घराच्या वेशीवर बसलेले यंत्र आत काय सोडते व बाहेर काय धाडते हे स्वतः वाचून पाहण्याचा अधिकार त्यामुळे सामान्य गृहस्थाला लाभला. हा अधिकार ज्याला वापरावयाचा नाही, दुरुस्तीच्या आवृत्त्या वेळच्या वेळी चढवावयाच्या नाहीत, त्याने कितीही उंची भाग आणून जोडले तरी तो त्या यंत्राचा धनी होतो, स्वामी होत नाही. त्याच्यासाठी कंपनीने दिलेला डबाच अधिक धर्म्य आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

राहिला प्रश्न जुन्या यंत्राचा. व्रत मुदतीचेही घेता येते, म्हणून घरातील तारेचा वेग प्रत्यक्ष वाढेपर्यंत यंत्र बदलणार नाही, अशी मर्यादा आधीच घालून घ्यावी हे उत्तम. दिगंबर परंपरेत चातुर्मासाच्या अखेरीस पिच्छी-परिवर्तन होते, आणि मुनींची जुनी पिच्छी काही नियम स्वीकारणाऱ्या श्रावकाच्या हाती दिली जाते. घरातून निघणारा राउटरही भंगारात न घालता, तो चालविण्याचे शिकून घ्यावयास जो राजी असेल अशा एखाद्या विद्यार्थ्याला, आपण लिहून ठेवलेल्या साऱ्या नोंदींसह, चार दिवस शेजारी बसून द्यावा.