आजारी मुलास खरें सांगावें काय?

घरांत लांबणीच्या दुखण्याचें मूल असलें म्हणजे वडील माणसें ओसरीवर हळू आवाजांत बोलतात, आणि मूल जवळ येतांच विषय बदलतात. "त्याच्या जिवाला घोर नको," असें आई म्हणते. तिची माया खोटी नाहीं. पण मायेपोटीं बोललेलें असत्य मुलाच्या हिताचें असतें काय? हा प्रश्न आम्हांस बोंचतो, कारण असें असत्य आमच्या तोंडूनही निघालें आहे.

आमच्या परिचयाचा एक नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलनें आजारी होता. हा आजार आईबाप दोघांकडून जन्मतःच येतो. तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत असह्य कळा येतात. "मी बरा कधीं होईन?" असें त्यानें विचारिलें. "चार दिवसांत खेळूं लागशील," असें आम्ही सांगून मोकळे झालों. महिन्याच्या आंत कळा पुन्हां आल्या. पुढच्या भेटीस त्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें. मागाहून त्याच्या बहिणीकडून कळलें कीं, शेजाऱ्याचीं बोरें चोरलीं म्हणून हें दुखणें आलें, असें तो मनांत धरून बसला होता. आणि "आईला सांगूं नको, ती रडेल," असें त्यानें तिला बजाविलें होतें.

म्हणजे आई मुलाला जपत होती, मूल आईला जपत होतें, आणि दोघेंही एकटीं होतीं!

मायरा ब्लूबाँड-लँगनर ह्या अमेरिकन विदुषीनें रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांमध्यें वावरून १९७८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं त्या रोगांतून पुष्कळ मुलें वांचत नसत. आतां योग्य उपचार मिळाल्यास पुष्कळशीं बरीं होतात. तिला असें आढळलें कीं, कोणीं न सांगतां त्या लहानग्यांना आपलें मरण कळलें होतें. औषधांचीं नांवें तीं जाणत, दुसरें मूल वारल्याची बातमी एकमेकांस सांगत. पण आईबापांपुढें, त्यांना दुःख होऊं नये म्हणून, कांहींच ठाऊक नसल्याचें सोंग करीत.

खरें ऐकून मूल खचेल, असें कोणी म्हणेल. सगळें एकदम ओतलें तर खचेलही. परंतु चार वर्षांच्या मुलाला सुई दुखेल काय आणि आई जवळ राहील काय, एवढेंच हवें असतें. (सुई दुखत नाहीं, हें बहुधा आपलें पहिलें असत्य!) बारा वर्षांच्याला अधिक हवें असतें. किती, तें त्यालाच विचारावें: "तुला काय वाटतें?" आणि मग उत्तर येईतों बसून राहावें. हें बसणेंच आम्हांला जड जातें.

आम्ही त्या मुलाकडे पुन्हां गेलों. आमचें बोलणें खोटें होतें, हें कबूल केलें. दुखणें जन्मापासून रक्तांतच आहे, त्याचा बोरांशीं कांहीं संबंध नाहीं. कळा पुन्हां येतील, तेव्हां लपवूं नको, आईला हांक मार. पाणी भरपूर पीत जा, असें सांगितलें. आई दारांत उभी राहून ऐकत होती. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तर बोरांचे पैसे द्यायला नकोत ना, पाळकसाहेब?"

ती गोष्ट निराळी, असें आम्हांस सांगावें लागलें.